नळीतला पीळ

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर काकांनी ठरवलं, की घरातली रायफल आता सरकारजमा करायची. परवान्यावर कारण लिहिलं होतं 'पीक संरक्षण'. पीक उरलं नव्हतं. भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. जिथे आमचं भात आणि त्यावर वाल व्हायचा, तिथे आता निळ्या पत्र्याचं गोदाम उभं आहे. तुम्ही मोबाईलवर मागवलेली वस्तू कदाचित आमच्या बांधावरूनच तुमच्याकडे निघत असेल. मुंबईची जकात चुकवायला माल हद्दीबाहेर ठेवायची सोय म्हणून ही गोदामं वाढली. २०१७ साली जकात गेली, गोदामं मात्र राहिली.

"द्यायची तर साफ करून देऊ," काका म्हणाले. "मानसाला पन न्यायच्या आधी आंघोळ घालतात."

म्हणून एका रविवारी ओटीवर गोणपाट अंथरून आम्ही बसलो. काका पाय पसरून भिंतीला टेकलेले, मी त्यांचे हात. मधे रायफल, घासलेटची वाटी, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, जुन्या बनियनच्या चिंध्या, आणि माझा फोन. माझा तेरा वर्षांचा भाचा पाच मिनिटं पाहून गेला. "ही कार नाइन्टी एट नाय," म्हणाला, आणि परत गेममध्ये शिरला. त्याला बंदुकांची नावं माझ्यापेक्षा जास्त येतात.

आमच्या घरात तिला कधी कोणी बंदूक म्हटलं नाही. बंदूक कोणाकडेही असते, आमच्याकडे रायफल होती. पणजोबांना ती एका गोऱ्या साहेबाने दिली. का दिली, याच्या तीन कथा आहेत. एकीत वाघ आहे, एकीत नदीचा पूर, आणि तिसरीत पणजोबांनी साहेबाची हरवलेली घोडी शोधून दिली. तिन्ही कथा आजीच सांगायची, आणि एकाच दिवशी दोन सांगताना तिला काही वाटत नसे. लग्न जुळवताना आमच्या घराची ओळख 'रायफलवाले' अशी करून दिली जाई. जमिनीपेक्षा त्या एका शब्दाचं वजन जास्त होतं.

"पयलं गज घाल," काका म्हणाले.

गज म्हणजे नळीखाली खोबणीत अडकवलेली लांब सळई. ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडातूनच भरतात: आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, वर आणखी एक बोळा. आणि हे गजाने ठासायचं. म्हणून ठासणीची. दुसऱ्या टोकाला एक छोटं बोंड असतं. त्यावर तांब्याची टोपी बसवायची, चाप ओढला की घोडा तिच्यावर आपटतो, ठिणगी बोंडातल्या भोकातून आत जाते, बार होतो. अशी बंदूक हातात घेतली की पहिलं काम एकच. गज नळीत पूर्ण सोडायचा, तोंडापाशी अंगठ्याने खूण धरायची, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. गजाचं टोक बोंडाच्या जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी.

पोचलं नाही. चार बोटं कमी पडलं.

मी परत मोजलं. मग काकांनी माझ्या हातातून गज घेतला आणि स्वतः मोजलं. पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं असेल. जुन्या नळ्यांत ती करते. काकांनी मान हलवली.

"भरलेली हाय."

ही रायफल माझ्या आठवणीत माजघरातल्या दोन खुंट्यांवर आडवी असायची. तिच्याखाली मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सात-आठ पोरं ओळीने झोपायचो. निवडणूक आली की सगळ्या परवानाधारकांप्रमाणे काकाही ती पोलीस ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर परत आणायचे. किती निवडणुका झाल्या तेवढ्या वेळा ती भरलेली गेली आणि भरलेली आली. बोंडावर टोपी नव्हती, म्हणून सगळे वाचलो. टोपीवाचून अशी बंदूक सहसा उडत नाही. पण दारूला कोणी सांगितलेलं नसतं, की तू आता जुनी झालीस.

खरं तर अशा वेळी परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जावं, आणि तुमच्या घरी अशी वस्तू असेल तर तुम्ही तेच करा. काकांनी मात्र पाण्याची कळशी मागवली. नळी उभी धरून तोंडातून पाणी ओतलं आणि ती तशीच रात्रभर अंगणात, तोंड आभाळाकडे करून, पेरूच्या झाडाला बांधून ठेवली. जुन्या काळ्या दारूत साधारण शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. सोरा पाण्यात विरघळतो. तो गेला की उरतो तो नुसता काळा चिखल.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'बार' हा शब्द डोक्यात फिरत राहिला. आपण लग्नाचा बार उडवतो. तंबाखूचा बार भरतो. एखाद्याचं भाषण पडलं की फुसका बार म्हणतो. एवढ्या घरगुती झालेल्या शब्दाच्या आत खरीखुरी दारू असते, हे कधी जाणवलं नव्हतं.

सकाळी गजाच्या टोकाला पेचदार आकडा बसवून काकांनी तो हळूहळू फिरवला आणि ओढला. पहिला बोळा बाहेर आला. काळपट, ओला, सुताच्या गुंत्याचा. मागावर तुटलेलं, वाया गेलेलं सूत असतं, ते. काका तेव्हा भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळीला जायचे, मशीन पुसायला वापरतात ते सूत खिशातून घरी यायचं. नळी उलटी केली तर छर्रे घरंगळत गोणपाटावर पडले. मग दुसरा बोळा. मग चिखल.

काका छर्ऱ्यांकडेच बघत होते. "डुकरांसाठी भरलेला बार नाय ह्यो."

हे समजायला थोडा कायदा सांगावा लागेल. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पीक वाचवायला बंदुकीचा परवाना तर मिळे, पण रानडुकराला परवानगीशिवाय मारलं तर गुन्हा. त्यानंतर आजोबा नुसती दारू आणि बोळा भरायचे. मचाणावरून रात्री एक बार काढायचा. आवाज डोंगराला आपटून परत यायचा, डुकरं भाताच्या पलीकडे. शिसं त्यात नसायचंच. मग हे छर्रे कधीचे?

"चौऱ्याऐंशी," काका म्हणाले.

मे १९८४. भिवंडीची दंगल. १९७० च्या मे महिन्यात एक होऊन गेली होती, शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून सुरू झालेली. तिची, आणि तिच्यापाठोपाठ जळगाव नि महाडला जे झालं त्याची, चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. चौदा वर्षांनी पुन्हा तेच शहर पेटलं, आणि आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत पोचली. दोनशेहून जास्त माणसं मेली. मेलेल्यांत मुसलमान अधिक होते. माग जळाले, मागांवर पोट असलेल्या दोन्हीकडच्या लोकांचे हात रिकामे झाले.

आमच्या गावातून रात्री आभाळाची एक कड लाल दिसायची. अफवा अशी, की 'ते' येणार. ट्रक भरून येणार. आजोबांनी खुंटीवरून रायफल काढली, डब्यातले जुने छर्रे काढले, काकांच्या खिशातलं सूत घेतलं आणि बार भरला. तीन रात्री ते ओटीवर बसून होते. बाया-पोरं माजघरात. काका सांगत होते, "कोन येनार व्हतं तेच म्हाईत नव्हतं. कुत्रं भुकलं तरी बा उठून उभा ऱ्हायाचा."

कोणी आलं नाही. ज्या लोकांची आम्ही वाट पाहत होतो, त्यांचीच घरं तिकडे जळत होती. हे काकांना पुढे कळलं. पाळी सुरू झाल्यावर बाजूच्या मागावरचा माणूस परत आला नाही, तेव्हा. त्याचं नाव काकांनी मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी आजोबांनी टोपी काढून ठेवली आणि रायफल खुंटीवर गेली. बार काढायचा राहिला. की काढायचा नव्हता? विचारायला आजोबा नाहीत. काका एवढंच म्हणाले, "मना वाटलं, बा नं काढला असंल."

याच शहरात पुढे १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. देशात त्याची चर्चा झाली. आमच्या खुंटीवरचा बार तेव्हाही भरलेलाच होता.

नळी रिकामी झाल्यावर खरं सोलणं सुरू झालं. नळी दस्त्याला धरून ठेवणारी पाचर घासलेटने सैल करून लाकडी ठोकळ्याने बाहेर काढली. नळी पुढून उचलून वेगळी केली. बाजूचे दोन स्क्रू काढल्यावर घोड्याची पट्टी सुटली. आतली कमान अजून ताठ होती, बोट लावल्यावर कळलं. दस्ता कधीतरी चिरला असावा, त्यावर तांब्याचा पत्रा खिळ्यांनी ठोकलेला. गावच्याच कोणाचं काम, आणि सगळ्या बंदुकीत तेच मला सर्वांत सुबक वाटलं. काळी दारू जळली की जी राख राहते ती हवेतलं पाणी ओढते, आणि कोकणपट्टीच्या हवेत पाण्याला काय तोटा! म्हणून ही नळी कढत पाण्याने धुवायची असते, नुसतं तेल चालत नाही. सात-आठ वेळा धुतल्यावर पाणी स्वच्छ आलं.

आणि मग दोन गोष्टी दिसल्या.

पहिली नळीच्या पोटाखाली, एरवी लाकडात दडलेल्या भागावर. एक लंबगोल शिक्का, त्यात इंग्रजी अक्षरं ई, एल, जी आणि एक चांदणी. फोनवर शोधायला दोन मिनिटं लागली. हा बेल्जियममधल्या लिएज शहराचा शिक्का, नळीची चाचणी झाल्याची खूण. १८९३ पासून त्या शिक्क्यावर मुकुट आला, आमच्यावर मुकुट नाही. म्हणजे त्याआधीची. लिएज हे स्वस्त बंदुकांचं गाव, तिथला माल आफ्रिका-आशियाच्या बंदरांवर उतरायचा. साहेब, वाघ, पूर, घोडी, सगळं एका शिक्क्यात वाहून गेलं. पणजोबांनी किंवा त्यांच्याआधी कोणीतरी ती विकत घेतली असणार, बैल घेतात तशी.

दुसरी गोष्ट नळीच्या तोंडाशी. गंज निघाल्यावर मी टॉर्च लावून आत पाहिलं, करंगळी फिरवली. आतून नळी काचेच्या ग्लासासारखी गुळगुळीत.

रायफल या शब्दाचा अर्थच मुळी नळीच्या आतल्या पीळदार खाचा. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत निघते, म्हणून सरळ आणि लांब जाते. खाचा नसतील तर ती नुसती बंदूक. लहानपणापासून आम्ही जिला रायफल म्हणत आलो तिच्यात पीळ नव्हताच.

पण मी तिथे थांबलो नाही, कारण हा पीळ आपल्याकडे कोणाला मिळायचा आणि कोणाला नाही, याला मोठा इतिहास आहे.

१८५७ आपल्याला शाळेत चरबी लावलेल्या काडतुसांपाशी सुरू होताना शिकवतात. ती काडतुसं एनफिल्ड रायफलची. आधीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडे नेम धरणं म्हणजे नशीब, एनफिल्डच्या नळीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. शिपायांनी ती काडतुसं नाकारली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिशेब उलटा फिरवला. देशी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक काढली. दिसायला अगदी एनफिल्ड, पण आतून खाचा काढून टाकलेली. गोऱ्या सोल्जरच्या हातात पीळ, काळ्या शिपायाच्या हातात गुळगुळीत नळी. परेडला दोघे शेजारी उभे राहिले तर लांबून फरक कळू नये. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. यांनी सुंभ शाबूत ठेवून पीळ तेवढा काढून घेतला.

मला विचाराल तर इंग्रजी राज्याचं याहून नेमकं चित्र दुसरं नाही.

पुढे पद्धतच पडली. नवं हत्यार आधी गोऱ्या फौजेला, जुनं झालं की देशी फौजेला. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरच्या कारखान्यात लष्करी ली-एनफिल्डच्या चारशेदहा बोरच्या गुळगुळीत मस्केटी बनवल्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. सामान्य माणसासाठी लॉर्ड लिटनने १८७८ साली हत्यारांचा कायदा आणला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही आला. पेनाचा कायदा रिपनने १८८२ साली मागे घेतला, बंदुकीचा राहिला. परवाना हिंदुस्थानी माणसाला. युरोपियनांना सूट. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच याविरुद्ध ठराव केला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

मग स्वातंत्र्य आलं. संविधानसभेत ह. वि. कामतांनी हाच हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती सुचवली. ती मान्य झाली नाही. आज एकोणिसाव्या कलमात आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि शस्त्रांविना. १९७० आणि १९८४ पाहिलेल्या शहराचा माणूस म्हणून मला वाटतं, तेच बरं झालं. पण १९५९ चा शस्त्र कायदा उघडून त्याचं तेरावं कलम वाचा. परवाना द्यावा असं जिथे म्हटलं आहे, तिथे काय लिहिलंय? संरक्षण किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी वीस इंचांहून आखूड नको. आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी एखादी, पण तीही गुळगुळीत नळीचीच. रायफल हवी असेल तर सबळ कारण दाखवा. ती मिळाली तरी लष्कराच्या थ्री-नॉट-थ्रीची नाही, नागरिकांसाठी वेगळी तीनशेपंधरा बोरची.

म्हणजे आमच्या भिंतीवरची ती वस्तू रायफल असूच शकत नव्हती. तीन पिढ्या 'पीक संरक्षण' लिहिलेल्या परवान्यावर चाललेल्या घरात पीळ कुठून येणार? शेतकऱ्याने आवाज करावा एवढंच सगळ्या सरकारांनी मान्य केलं होतं.

हे सगळं मी काकांना ओटीवर समजावून सांगितलं. शिक्का दाखवला, त्यांची करंगळी धरून नळीच्या तोंडात फिरवली. मला भीती होती, त्यांना वाईट वाटेल. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"डुकरांना म्हाईत नव्हतं ना?" ते म्हणाले. "मग झालं."

जरा वेळाने त्यांनी गोणपाटावरचे छर्रे एकेक करून वेचले. बारीक, दबलेले, पांढरी बुरशी चढल्यासारखे. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवतील. त्यांनी ते चुलीवर जुन्या पळीत वितळवले आणि शिशाची चकती करून पागाच्या डब्यात टाकली. मासे धरायच्या जाळ्याला कडेने शिसं लागतं. खाडीवर ते आताशा फारसे जात नाहीत, पण पाग घरात आहे.

रायफल परत जोडताना एक स्क्रू जास्त उरला. तो कुठचा, हे आम्हाला दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. दस्त्याला खोबरेल चोळलं, नळीला तेलाचा हात दिला, पाचर ठोकली. सोमवारी अर्ज, परवाना आणि ती घेऊन ठाण्यात गेलो. हवालदाराने तिचं वजन हातात तोललं, "काय ठेवलीय हो!" म्हणाला, आणि गज काढून नळीत सोडला. बाहेरून लावून पाहिला. गज बरोबर बोंडापर्यंत पोचला. काका माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

पावती मी वाचून दाखवली. एक नळी, ठासणीची बंदूक, नग एक. काकांनी ती घडी करून टोपीत ठेवली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, घरी बायांना सांगताना रायफल दिली असंच सांग.